उन्हाळ्यात चालणं बंद, तर्री मात्र चालूच: नागपूरकरांचा आहार-व्यायाम धागा

वॉकर्स_स्ट्रीट

मार्च संपला की सिव्हिल लाइन्सपासून अंबाझरीपर्यंत सकाळची गर्दी ओसरते आणि नवतपा (मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस) लागेपर्यंत उरलेसुरलेही घरी बसतात. पाऊस येईपर्यंत धरलं तर वर्षातले तीन महिने गेले. ताट मात्र हिवाळ्याचंच राहतं, वर आमरस आणि लग्नाच्या पंगती. हा धागा चाळिशीपुढच्या, बैठं काम करणाऱ्यांसाठी काढतोय. नेमकं लिहा: वेळ, वजन, माप, काय बिघडतं आणि का.

सुरुवातीचा आधार दोन गोष्टींचा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराच्या व्यायामाची आहे, आणि त्यासोबत निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्याचं नाव कोणी काढत नाही. पासष्टीपुढे तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. पावलांत मोजलं तर मिनिटाला साधारण १००. फुटाळा तलावावर गप्पा हाणत रेंगाळणं मनाला छान, पण ते या मिनिटांत धरू नका.

दुसरी गोष्ट ताटाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, आलू सोडून भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलि, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे. वजनं सगळी कच्च्या मालाची.

पावडरी विकणारे आणि "हे खा, शुगर मुळापासून जाते" वाले, यांनी कृपया दुसरा धागा शोधावा.

सेमिनरी_हिल्स_पायथा

वेळेपासून सुरू करतो. मे महिन्यात दिवसातलं सर्वात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. सव्वापाचला निघा, साडेसहाला घरात या. संध्याकाळी सातला ऊन नसतं म्हणून लोक फसतात. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता, सिमेंट रोड आणि भिंती तेव्हा उष्णता सोडत असतात, हवाही चाळिशीच्या आसपासच असते.

दुसरा घोळ कोरड्या हवेचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम आला की लगेच उडतो. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे पाणी गेलं हेच कळत नाही. मोजायची सोपी रीत: निघण्याआधी आणि आल्यावर कमी कपड्यांत वजन करा. अर्धा किलो कमी भरलं तर अर्धा लिटर पाणी गेलं. ती चरबी नाही, तेव्हा खूश होऊ नका. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. निघण्यापूर्वी दीड-दोन पेले पाणी, वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट, उरलेलं घरी आल्यावर तासाभरात थोडं थोडं. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्चअखेरीस चालणं थांबवायचं नाही, वेळ हळूहळू पहाटेकडे ओढत न्यायची. मधे आठ-दहा दिवस एसीत काढून एकदम जुन्या वेगाने निघालात तर चक्कर ठरलेली. पहिल्या दिवशी निम्मा वेळ, मग दर दोन दिवसांनी पाच-सात मिनिटं वाढवा.

जागा निवडताना सावलीपेक्षा चढ महत्त्वाचा. सेमिनरी हिल्सचा चढ वीस मिनिटांत जेवढा दम काढतो तेवढा सपाटीवर पाऊण तासात निघत नाही. ज्यांचे गुडघे उतारावर दुखतात त्यांनी चढ पायी करावा, उतरताना गाडीवर यावं. हसू नका, गुडघ्यावर जास्त भार उतरतानाच येतो.

पोट्टा_प्रतापनगरचा

भाऊ, सगळं बरोबर. पण साडेसहाला चालणं संपते आन् पावणेसातला समदी टोळी पोह्याच्या ठेल्यावर उभी असते, तिचं काय करायचं बे?

सांभारवडी

तिचाच हिशेब करू. ७० किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने ४० मिनिटं चालला तर साधारण १६० कॅलरी खर्च होतात. जेवणाचा मोठा चमचाभर तेल म्हणजे १२०. तर्रीवर तरंगणारा लाल थर वाटीत दीड-दोन चमचे आला की चालणं फिटलं, पोहे अजून मोजलेच नाहीत.

म्हणून तर्री सोडा असं मी म्हणणार नाही. रस्सा मुळात चण्याचा असतो, आणि चणा ही त्या प्लेटमधली सर्वात कामाची वस्तू. ठेल्यावर खायचं तर तीन गोष्टी मागा: डाव खालून घाला, चणे जास्त, शेव नको. घरी चौघांसाठी माप असं:

काळे चणे १०० ग्रॅम (कोरडे), रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ. जाडे पोहे २४० ग्रॅम. तेल एकूण आठ छोटे चमचे, चार पोह्यांना, चार रश्श्याला. माणशी जेमतेम नऊ ग्रॅम पडतं. कांदा दोन मोठे, त्यातला एक कोरडाच गॅसवर भाजून वाटायचा. खोबऱ्याऐवजी उकडलेल्या चण्यांचाच एक डाव वाटून घाला, दाटपणा तोच येतो. वरून सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू.

कमी तेलात तर्री लाल होत नाही ही तक्रार नेहमीची. मिरचीचा रंग तेलातच उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तेल थोडं चालेल, पण ते योग्य तापमानाचं हवं. धूर निघालेल्या तेलात तिखट टाकलं की काळपट, कडू होतं, आणि मग ते झाकायला अजून तेल ओततात. फोडणी झाली की गॅस बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, तिखट घाला, लगेच चण्याचं पाणी एक डाव. रंग बाहेरच्यासारखा भडक येणार नाही. पण येतो.

सावजीलाही, म्हणजे आपल्या झणझणीत मटण-चिकन रश्श्यालाही, हाच न्याय. मटणात किंवा चिकनमध्ये वाईट काही नाही, प्रथिनं चांगली मिळतात. रश्श्याचं तेल आणि मीठ या दोनच गोष्टी सांभाळा. रस्सा भाकरीसोबत खाणं आणि वाटीने पिणं यात फार फरक आहे.

इतवारी_किराणा

रोज चमचे मोजणारं घर मला माहीत नाही. महिन्याचा किराणा मोजा, तो खोटं बोलत नाही.

चार माणसांचं घर धरा. तेल-तूप मिळून माणशी २७ ग्रॅम म्हणजे रोजचे १०८. पंधरा किलोचा पिपा या हिशेबाने साडेचार महिने पुरायला हवा, आणि तूप-लोणी वेगळं येत असेल तर त्याहून जास्त. तुमच्याकडे पिपा दोन महिन्यांत खाली होत असेल तर कोणतं तेल चांगलं, फल्लीचं (शेंगदाण्याचं) की करडीचं, हा वाद नंतर घाला.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत. एक किलोची पुडी चौघांना पन्नास दिवस. लोणचं, पापड, शेव, ब्रेड यांचं मीठ यात नाही, म्हणून पुडी दोन महिने पुरली तर बरं समजा. साखर २५ ग्रॅम धरली तर महिन्याला तीन किलो, आणि त्यात गूळ, मिठाई, बिस्किटं, बाटलीतली थंड पेयं सगळं आलं. डाळी ८५ ग्रॅमने महिन्याला दहा किलोच्या वर होतात! हा आकडा वाचून बहुतेकांना धक्का बसेल. पातळ वरणाच्या वाटीत डाळ पंधरा-वीस ग्रॅमच असते, त्यातून प्रथिनं चार ग्रॅम. मांस-मच्छी-अंडी असतील तर डाळ थोडी कमी चालते. नसतील तर चणे, बरबटी (चवळी), मूग, चून (बेसन) यांना रोज जागा द्यावीच लागेल.

भाजी रोज एक किलो सहाशे ग्रॅम. कॉटन मार्केटातून आठवड्याची आणत असाल तर अकरा किलो, आलू-कांदे सोडून. कांद्याला भाजी म्हणायचं की नाही यावर मी भांडत नाही, पण त्याने पिशवी भरू नका.

लक्ष्मीनगर_काकू

गूळ साखरेत कशाला मोजता? गुळात लोह असतं ना.

सांभारवडी

काकू, असतं, पण थोडं. आणि पन्ह्याच्या एका पेल्यात वीस ग्रॅम गूळ गेला तर रक्तातली साखर साखरेसारखीच वाढते. लोहासाठी गुळावर विसंबण्यापेक्षा पावसाळ्यात तरोटा (टाकळा), उन्हाळ्यात चिवळीची भाजी, एरवी पालक-मेथी आणि सोबत रोज चणे किंवा मूग धरा. पालेभाज्या-डाळींमधलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, त्याला क जीवनसत्त्व लागतं. ते आपल्याकडे हंगामात रस्त्याच्या कडेला ढिगाने विकलं जातं: संत्रं. जेवणासोबत किंवा लगेच नंतर एक, फोडी सोलून. रस काढू नका. पेलाभर रसात तीन-चार संत्री जातात, साखर सगळी येते आणि चोथा बादलीत जातो. हंगाम नसेल तेव्हा लिंबाची फोड.

आणि जेवल्यावर लगेच चहा नको. चहातले टॅनिन लोह अडवतात. तासभर थांबा. नागपुरात हे सांगणं अवघड आहे, तरी सांगते.

वॉकर्स_स्ट्रीट

ताकदीच्या व्यायामावर कोणीतरी लिहा. जिम न लावता, कूलरच्या खोलीत होतील असे.

आखाडा_सक्करदरा

आधी कूलरचंच सांगतो. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा भरतो, घाम उडत नाही आणि हवा थंड वाटूनही शरीर तापत राहतं. समोरची खिडकी उघडी पाहिजे, हवा आरपार गेली पाहिजे. नाही तर कूलर बंद करून साधा पंखा परवडला.

आठवड्यातून दोन दिवस, मधे निदान एक दिवस सुट्टी. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये एक-दीड मिनिट आराम. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा आरामात झाले तर तो व्यायाम नाही, हालचाल आहे.

खुर्चीवरून उठणं-बसणं. हात न लावता उठायचं, खाली बसताना मनात तीन मोजायचे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, टाइलवर ती मागे सरकते. गुडघे आत वळतात ही सर्वात मोठी चूक. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. धपकन बसलात तर निम्मा फायदा गेला. हे सोपं झालं की दोन किलोची आट्याची पिशवी छातीशी धरा.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर मागे, अंग एका रेषेत. सोपं झालं की ओट्यावर हात टेकवून, मग पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर. थेट जमिनीवरून सुरू करणाऱ्याचा खांदा धरतो आणि मामला तिथेच संपतो.

पाठीसाठी एक हात टेबलावर टेकवून वाका, दुसऱ्या हातात पाच किलोची पिशवी, कोपर कमरेमागे ओढा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, वर तीन सेकंद. मग टाचा उचलणं, भिंतीला बोट टेकवून. शेवटी ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं, तीस सेकंदांपर्यंत, दोन्ही पायांवर. साठीच्या पुढचे लोक हा शेवटचा सोडून देतात आणि न्हाणीघरात पडतात.

श्वास रोखायचा नाही. जोर लावताना सोडायचा, परतताना घ्यायचा. श्वास रोखून जोर केला की रक्तदाब झटक्यात चढतो, बीपी असलेल्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक. सांधा सुजला किंवा टोचून दुखला तर वजन कमी करा आणि कमी खाली जा.

सूर्यनमस्कार चांगलेच, पण ओढायचा व्यायाम त्यात नाही. म्हणून पिशवी सोडू नका.

धंतोली_दवाखाना

औषधं चालू असलेल्यांसाठी चार गोष्टी, कारण चालण्याच्या धाग्यांत हे राहून जातं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी तासभर चालू नका. निघण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर एक केळ किंवा दोन बिस्किटं खाऊन निघा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं चालेनासं झालं की थांबा. साखर ७० च्या खाली म्हणजे तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. म्हणून खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते आणि मे महिन्यात ते वितळतंही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. चालायच्या आधीचं इन्सुलिन मांडीत टोचू नका, स्नायू हलले की ते लवकर शोषलं जातं.

बीपीसाठी लघवी वाढवणारी, म्हणजे पाण्याची गोळी घेणाऱ्यांना उन्हाळ्यात उभं राहताच अंधारी येते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डोसबद्दल डॉक्टरांना विचारायचं. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी वर दिलेलं पाण्याचं माप पाळू नये.

पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेह्यांनी गवतावर अनवाणी चालू नये, आणि उन्हाळ्यात देवळाच्या अंगणातल्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही. भाजलेलं कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो.

साखर जास्त असणाऱ्यांना ४५ मिनिटांच्या एका चालण्यासोबत प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चालणंही जोडता येईल. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खाली राहते. त्यासाठी ऊन-सावली पाहायची गरज नाही.

गोरेवाडा_रोड

सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं, कोणी लिहिलं नाही. पूर्व विदर्भात हा विषय टाळून व्यायामाचं बोलणं अर्धवट राहतं. ज्यांना आजार आहे त्यांना पाणी कमी पडणं, अति दमणं आणि तापमानातले झटके यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. व्यायाम बंद नाही, पण डॉक्टरांना विचारून, हळू, मधे मधे थांबत, पाणी सोबत. नुसते वाहक असलेल्यांना रोजच्या आयुष्यात त्रास नसतो. तरी भरउन्हात पोलीस भरतीच्या धावण्यासारखा एकदम जोर त्यांच्याही अंगाशी येऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींनी आधी रक्ततपासणी करून घ्यावी. साध्या चाचणीत संशय आला तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं कळतं.

पोट्टा_प्रतापनगरचा

आन् ओआरएस रोज घेतलं तर?

धंतोली_दवाखाना

तासाभराच्या चालण्याला साधं पाणी पुरतं, मीठ जेवणातून मिळतं. बीपी असताना दिवसभर खारं ताक आणि ओआरएस पिणं म्हणजे औषधाच्या उलट दिशेने ओढणं. जुलाब-उलट्या किंवा उन्हात तासन्‌तास काम असेल तेव्हा घ्या, आणि मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. ती पेलाभर पाण्यात घालणं धोक्याचं, मीठ फार होतं. लहान पुडी २०० मिलिची असते, पाकिटावर वाचा.

कोणी उन्हात बरळायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. १०८ ला फोन, सावलीत नेणं, कपडे सैल करून अंगभर पाणी आणि जोरात वारा, काखेत-जांघेत बर्फ. गाडीची वाट बघत थांबायचं नाही, थंड करणं तिथेच सुरू करायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवत बसू नका.

जवस_चटणी

विदर्भाच्या ताटातली एक वस्तू राहिली. जवस आख्खे खाल्ले तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून कुटूनच. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, काळे पडू द्यायचे नाहीत. गार करून कुटा आणि आठ-दहा दिवसांपुरतंच करा, डबा फ्रिजमध्ये. कुटलेल्या जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. वास रंगासारखा, ऑइलपेंटसारखा आला की टाकून द्या. माणशी रोज एक मोठा चमचा पुरे. चटणीत मीठ मात्र हात आखडून.

लाखोळीची डाळ घरात असेल तर रोजची मुख्य डाळ करू नका. तिच्यात ओडॅप नावाचा विषारी घटक असतो, दीर्घकाळ भरपूर खाल्ली तर पाय लुळे पडतात. करायचीच असेल तर भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, मग नव्या पाण्यात शिजवा.

लक्ष्मीनगर_काकू

ज्वारीची भाकरी सुरू केली, पण थापताना चिरते आणि घरचे परत पोळीवर जातात. उपाय?

जवस_चटणी

काकू, पीठ जुनं असणार. ज्वारीत गव्हासारखं चिकटून धरणारं काही नसतं, आणि दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी जाते. उन्हाळ्यात तर आधीच. एका वेळी दोन-अडीच किलोच दळून आणा. आहे ते पीठ संपवायचं असेल तर उकड काढा: एक वाटी पाणी खळखळ उकळू द्या, चिमूटभर मीठ, गॅस बंद करून एक वाटी पीठ घाला, हलवून पाच मिनिटं झाकण. मग गरम असतानाच, हाताला पाणी लावत तळहाताने चांगलं मळा. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पिठाचा गोळा. थापल्यावर तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. पाणी पूर्ण सुकू दिलंत तर वरचा पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही.